यंत्र चिडत नाही, थांबतही नाही

तारीख 25 जानेवारी 1979. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या ओतकामाच्या कारखान्यात तुम्ही उभे आहात. उंच रॅकमधून ओतीव सुटे भाग काढून आणायचं काम इथे एक यंत्र करतं. आज ते मालाची गणती चुकीची सांगतंय, म्हणून 25 वर्षांच्या एका कामगाराला वर चढून भाग हाताने काढायला सांगितलंय. तुम्हीही त्याच्या मागोमाग चढता. भीती वाटते? छे. यंत्र रोजच्या पाहण्यातलं आहे आणि फारसा आवाजही करत नाही.

नेमका तिथेच घात आहे. माणूस वाटेत आलाय हे त्याला कळत नाही आणि इशाऱ्याची घंटाही वाजत नाही. यंत्राचा हात मागून येऊन त्या कामगाराच्या डोक्यावर आदळतो. तो जागीच जातो. सहकाऱ्यांना तो सापडेपर्यंत अर्धा तास उलटतो, यंत्राचं काम मात्र चालूच असतं. रोबोटमुळे माणूस दगावल्याची ही पहिली नोंद. पुढे 1983 मध्ये ज्युरी त्याच्या कुटुंबाला 1 कोटी डॉलरची भरपाई मंजूर करते.

योगायोग पाहा: त्या अपघाताच्या बरोबर 58 वर्षं आधी, याच तारखेला, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’चा पडदा उघडला होता. ‘रोबोट’ हा शब्द जगाला याच नाटकाने दिला. तिथले प्रेक्षक बंड करणारे रोबोट पाहून धास्तावले असतील. फ्लॅट रॉकच्या यंत्राच्या मनात काहीच नव्हतं. त्याला मनच नव्हतं. आपण भ्यायलो ते त्याच्या रागाला, मारलं त्याच्या आंधळेपणाने.

आता जर्मनीत या, माइन्त्स विद्यापीठात. तुम्ही 100 निरोगी स्वयंसेवकांपैकी एक. शरीरावरच्या 29 जागांवर एक उपकरण हळूहळू दाब वाढवत जातं. दाबाचं दुखणं झालं की तुम्ही सांगायचं. वैतागवाणं काम आहे, पण मोलाचं. रोबोटचा धक्का कुठे किती चालेल याचे आकडे यातून निघाले आणि 2016 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 15066 क्रमांकाच्या तांत्रिक दस्तऐवजात आले. सुरक्षितता मोजायची तर अशी, अंगावर.

त्याच सुमाराला अटलांटात, जॉर्जिया टेकच्या एका इमारतीत, एक छोटा रोबोट तुम्हाला खोलीपर्यंत पोचवतोय. आधी तो भलत्याच खोलीत शिरतो आणि दोनदा गोल गोल फिरतो. शेवटी कसेबसे योग्य जागी पोचून तुम्ही प्रश्नावली भरायला बसता. तेवढ्यात धोक्याचा भोंगा वाजतो. दार उघडता, तर बाहेर धूर. तुम्ही ज्या दाराने आत आलात, त्याच्यावर बाहेर पडण्याची ठळक पाटी आहे. रोबोट मात्र दिवे लावून दुसरीकडेच बोलावतोय.

तुम्ही कुठे जाल? मनातल्या मनात खरं उत्तर द्या. त्या प्रयोगातले 26 च्या 26 जण रोबोटच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी त्याची फजिती काही मिनिटांपूर्वीच पाहिली होती! धूर खोटा होता, विश्वास खरा. भीतीपेक्षा या भाबडेपणाची मला जास्त काळजी वाटते.

शेवटचा मुक्काम घरचाच, चाकण. 2010 पासून बजाज ऑटोने इथे को-बॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारे रोबोट, आणले. भोवती जाळीचा पिंजरा नाही. वाटेत कुणी आलं आणि ठरावीक जोरापेक्षा जास्त धक्का बसला, तर हात थांबतो. त्यामुळे शेजारी उभं राहायला निर्धास्त वाटतं, आणि ते रास्तही आहे. पण हात सौम्य असला तरी त्याने काय धरलंय? टोकाला धारदार अवजार असेल, तर हलका धक्काही महागात पडतो.

म्हणून कोणत्याही रोबोटशेजारी पहिल्यांदा उभे राहाल, तेव्हा ‘भीती वाटते का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी तिथल्या सुपरवायझरला दोन प्रश्न विचारा: याला मी दिसतो का, आणि बंद करायचं लाल बटण कुठे आहे?