वहीत नोंद: ताप

घाटकोपरच्या जिन्यावर तुम्ही क्षणभर थांबता. मेट्रोतून उतरलेली गर्दी खांद्याला घासून पुढे जाते. डोळे मिटा. उघडाल तेव्हा डोक्यावरचा पूल गेलेला असेल.

१९१८चा ऑक्टोबर. बुटका फलाट, पूर्वेला खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं, वाऱ्याला चिखलाचा आणि दगडी कोळशाचा वास. यंदा पावसाने दगा दिला आहे, धान्य महागलं आहे. कल्याणकडे जाणारी जीआयपी रेल्वेची पॅसेंजर धापा टाकत येऊन थांबते.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खाकी कोटातला एक शिपाई खिडकीची दांडी घट्ट धरून बसला आहे. पंचविशीचा असेल. साताऱ्याकडचा, मराठा पलटणीतला. महायुद्धाच्या इराकमधल्या आघाडीवरून, इस्पितळी जहाजातून बसऱ्याहून मुंबईला आला आणि आता गावी निघाला आहे.

“पाव्हणं, घोटभर पानी मिळंल का?”

तुम्ही तांब्या पुढे करता. तो एक घोट घेतो, थांबतो, श्वास गोळा करतो, मग दुसरा घोट घेतो. थोरला भाऊ तिकडेच, कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होता, तो सांगतो. १९१६च्या एप्रिलात वेढ्यातल्या इंग्रज-हिंदी फौजेने शरणागती पत्करली, तेव्हापासून घरी पत्र नाही. एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागतं. तांब्या परत घेताना तुम्हाला दिसतं, त्याचे ओठ निळसर पडले आहेत.

शेजारची म्हातारी पदर नाकाला लावते आणि पुटपुटते, “मानमोडी.”

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. हा आजार आधी श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो. मग उघड्या पडलेल्या जागेत न्यूमोनियाचे जंतू घुसतात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये पाणी भरतं. कोरड्या जमिनीवर बसलेला माणूस आतल्या आत बुडत जातो. म्हातारे आणि तान्ही मुलं तर जातातच, पण या लाटेत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं झपाट्याने जात आहेत.

गाडी हलते. तुम्ही मात्र फलाटावर राहा, कारण पुढचं इथेच कळतं. मुंबई शहराची हद्द माहीम आणि शीवला संपते. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीची गावं आहेत. ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या आकड्यात इथलं कोणी नाही. इथे मेलेला माणूस गावच्या वहीत जातो आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द पडतो: ताप. हिवतापाचा ताप, उपासमारीचा ताप, बसऱ्याहून आलेला ताप, सगळे एकाच रकान्यात.

शहरात वाद वेगळाच चालला आहे. जूनच्या १० तारखेला पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर म्हणतात, मेच्या अखेरीस आलेल्या सैनिकी जहाजातून रोग उतरला. सरकारी बाजू म्हणते, जहाजावरच्यांनाच तो मुंबईत लागला. दोष जहाजाचा की शहराचा, यावर कागद रंगतात. मरणाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे: शहरात हजारी मृत्युदर युरोपियनांमध्ये ८.३, तर ‘खालच्या’ मानलेल्या जातींमध्ये ६१.६. कोंदट खोली आणि शुश्रूषेचा अभाव यांनी हे अंतर पाडलं. मला हा आकडा वाचताना आजही राग येतो.

आता तुम्हाला त्याच महिन्यात, त्या शिपायाने मागे सोडलेल्या आघाडीवर, टायग्रिसच्या काठी जायचं आहे. इराकमधलं शरकत. ११४वी मराठा पलटण तिथे तुर्की फौजेशी भिडली आहे. ३० तारखेला लढाई संपते. नदीच्या वरच्या अंगाला, मोसुलच्या दिशेने, चालत राहा आणि ८५ वर्षं ओलांडा. २००३च्या जूनमध्ये अल-मिश्राकचा गंधकाचा कारखाना पेटला आहे. जवळपास महिनाभर तो जळतो. अमेरिकी सैनिक त्या धुरात काम करतात, नंतर घरी परततात, आणि पूर्वी सहज करत असलेली धाव त्यांना पुरी करता येत नाही. बहुतेकांचे एक्स-रे स्वच्छ येतात. अखेर अशीच तक्रार असलेल्या ४९ सैनिकांच्या (त्यांतले बरेच या धुरात राहिलेले) फुप्फुसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. ३८ जणांमध्ये बारीक श्वासनलिका व्रण धरून आवळलेल्या सापडतात. हा अभ्यास २०११मध्ये छापून आला. असे आजार धुरामुळेच झाले हे सिद्ध करण्याचं ओझं सैनिकाच्या डोक्यावरून उतरवणारा कायदा अमेरिकेत व्हायला २०२२चा ऑगस्ट उजाडला.

साष्टीच्या वहीतला ‘ताप’ आणि या सैनिकांच्या अहवालातलं ‘स्वच्छ’ यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही शब्दांनी माणूस कुठे होता आणि त्याने काय श्वासात घेतलं, हे पुसून टाकलं.

पुन्हा डोळे मिटा आणि उघडा. जिना तोच, गर्दी तीच. सियाचीनला राहून आलेला, किंवा शांतिसेनेतून काँगो, दक्षिण सुदानला जाऊन आलेला कोणी तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत असेल. तो या जिन्यावर अर्ध्यात थांबत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. एक्स-रे चांगला आला म्हणूनही सोडू नका. श्वासाची फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, मागा. तीही ठीक आली आणि दम लागतच राहिला, तर फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे पुढच्या तपासण्यांचा आग्रह धरा. आणि त्याआधी एक वही घेऊन त्याच्यासमोर बसा. कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी, किती दिवस, कशाचा धूर, कसली धूळ, किती उंची, हे त्याच्या तोंडून ऐकून आजच लिहून काढा.