पेशींची पानगळ



हरभऱ्यावर घाटेअळी पडली की पुष्कळ शेतकरी विषाणूची फवारणी करतात. उन्हाने हा विषाणू निकामी होतो, म्हणून फवारा संध्याकाळी मारायचा. काही दिवसांनी रोगट अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या टांगलेल्या दिसतात. हात लावला तर कातडी फुटते आणि पाणी बाहेर येते. त्यात कोट्यवधी विषाणू असतात. विषाणूने अळी मारली, असे आपण म्हणतो. पण अळीचे शरीर मुकाट्याने मरण पत्करते का? त्याच्याजवळ काहीच तोड नसते का? या प्रश्नाच्या उत्तराची हकिगत आज सांगायची आहे.

या हकिगतीची सुरुवात होते उंदराच्या यकृतापासून. घराला जशा विटा, तशा शरीराला पेशी. मार बसला किंवा रक्त पोचले नाही, तर पेशी फुगते, फुटते आणि भोवती सूज येते. हे मरण वैद्यकाला पूर्वीपासून माहीत होते. पण १९६० नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियाचे जॉन केर उंदरांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असता त्यांना निराळेच मरण दिसले. पेशी आक्रसत होती, तिचे बारीक तुकडे पडत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून जागा साफ करीत होत्या. सूज नाही की घाण नाही. १९७२ साली केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठाचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी या मरणाला नाव सुचवले ‘अपॉप्टोसिस’. अर्थ काय, तर झाडाचे पान गळणे. आपण पानगळच म्हणू या. पिकले पान झाडच देठाशी सोडून देते. तशी ही पेशी स्वतःच्या आतल्या योजनेनुसार मरते.

आता याचा विषाणूशी काय संबंध? विषाणूला स्वतःचे घर नाही की कारखाना नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीने आपली प्रजा वाढवतो. म्हणजे काम पुरे होईतो पेशी जगली पाहिजे, ही त्याची गरज. गंजीला आग लागली की शेजारची छपरे उतरवतात, म्हणजे आग पुढे जात नाही. पेशीही विषाणूसाठी असेच करीत असेल का? ती वेळेआधी मेली, तर विषाणूचा वंश तिथेच खुंटेल.

याचा पुरावा अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात मिळाला. तिथे लॉइस मिलर या विदुषी अळ्यांच्या विषाणूंचा अभ्यास करीत. प्रयोगासाठी त्यांनी वापरलेल्या पेशी होत्या लष्करी अळीच्या. होय, २०१८ पासून आपल्या मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी, तीच ही! एरवी या पेशींत विषाणू भरपूर वाढे. पण एक बिघडलेला विषाणू त्यांना असा सापडला की, तो आत शिरताच पेशींचे भराभर तुकडे पडत आणि विषाणूचे पीक बुडे. शोध घेता कळले की त्या विषाणूत ‘पी-३५’ नावाचे एक जनुक नादुरुस्त होते. मिलरबाई, रोली क्लेम आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली हे जाहीर केले.

उलगडा असा झाला. विषाणू येताच पेशी पानगळीची तयारी करते. तिच्यात काही विकरे असतात, ती कात्रीसारखी चालतात आणि पेशीचा आतला सांगाडा कापतात. विषाणू जनुकाकडून ‘पी-३५’ हे प्रथिन बनवून घेतो. कात्री ते कापायला जाते आणि त्यातच रुतून बसते. पेशी मरायचे थांबते आणि विषाणूचा संसार चालू राहतो.

बरे, हे काचेच्या बशीतले झाले. जिवंत अळीत काय होते? १९९३ साली क्लेम आणि मिलर यांनी तेही पाहिले. बिघडलेल्या विषाणूने लष्करी अळीला रोगी करायला कितीतरी पटींनी मोठी मात्रा लागली. कोबीवरच्या उंटअळीत मात्र तोच विषाणू नेहमीसारखा वाढला, कारण तिच्या पेशी या विषाणूपुढे पानगळ करीत नाहीत. पेशींच्या वेळेवर मरण्यानेच लष्करी अळीचा बचाव होत होता, हे यावरून सिद्ध झाले.

त्याच वर्षी सफरचंदाच्या अळीच्या विषाणूत पानगळ रोखणारे दुसरे जनुक सापडले. पुढे तशाच घडणीची जनुके माणसातही मिळाली. गळायचे विसरलेल्या पेशी वाढत राहिल्या, तर त्यातून कर्करोगाची गाठ होऊ शकते. म्हणून अळीच्या रोगाचा हा अभ्यास माणसाच्या दुखण्यापर्यंत जाऊन पोचला.

शाळेत मुलांना विषाणू शिकवताना गुरुजनांनी हीही बाजू सांगावी. रोगात पेशी मरतात, एवढे सांगून भागत नाही. कोणती पेशी केव्हा मेली, विषाणूच्या कामाआधी की नंतर, यावर सबंध शरीराचे जगणे अवलंबून असते. आणि एक ध्यानात ठेवावे: हे कळले ते धडधाकट विषाणूमुळे नव्हे. ज्याचे पीक बुडाले, त्या बिघडलेल्या विषाणूकडे कुणी टाकाऊ म्हणून पाठ फिरवली नाही, म्हणून कळले.