प्रिटोरियाचा खटला आणि मुंबईची गोळी

आज आपण अशा एका खटल्याबद्दल बोलणार आहोत, जो धड चाललाच नाही. ५ मार्च २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली आणि १९ एप्रिलला वादींनी दावा मागे घेतला. वादी कोण? ३९ औषध कंपन्या आणि त्यांची संघटना. प्रतिवादींमध्ये पहिलं नाव नेल्सन मंडेला यांचं. १९९८ साली दावा दाखल झाला तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते, एवढंच त्याचं कारण. पण त्या नावापुढे ‘विरुद्ध’ हा शब्द लिहिणं किती महागात पडेल, हे कंपन्यांच्या वकिलांना सुचलेलं दिसत नाही.

भांडण होतं १९९७ च्या एका कायद्यावरून. त्यातलं १५-सी हे कलम आरोग्यमंत्र्यांना सांगत होतं की, एखादं पेटंट असलेलं औषध दुसऱ्या देशात स्वस्त विकलं जात असेल, तर तिथून ते आणता येईल. याला समांतर आयात म्हणतात. म्हणजे माल त्याच कंपनीचा, फक्त दुकान वेगळं. कंपन्या म्हणाल्या, हा आमच्या मालमत्तेवर घाला आहे आणि जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचा भंग आहे. अमेरिकेच्या व्यापार खात्यानेही दक्षिण आफ्रिकेला आपल्या ‘वॉच लिस्ट’मध्ये टाकलं. पुढे गंमत अशी झाली की, ज्या कलमावर सगळ्यात जास्त आरडाओरड होती, त्याचा मसुदा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या मजकुरावरून घेतलेला निघाला!

त्या वेळी त्या देशात एचआयव्हीबाधितांची संख्या ४० लाखांच्या वर गेली होती. तीन औषधं एकत्र दिली तर रोगी जगतो, हे १९९६ पासून माहीत होतं. त्या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. हा आकडा इतका मोठा होता की, आफ्रिकेत उपचार शक्यच नाही, प्रतिबंधावरच भर द्या, असं भले भले तज्ज्ञ शांतपणे सांगत. आणि दर असा का, तर संशोधनाचा खर्च, असं उत्तर मिळे. ते तपासायला हातात काहीच नव्हतं. तुलना करायला दुसरा दरच नव्हता ना!

तो दुसरा दर फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईहून आला. सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्या वेळच्या हिशेबाने १६ हजार रुपयांच्या आसपास. दिवसाला एक डॉलरही नाही.

आता, मुंबईत हे कसं जमलं? हे समजून घ्यायला आपल्याला १९५९ मध्ये जावं लागेल. इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच होता. परदेशी कंपन्या इथे पेटंट घेत, पण बऱ्याचदा इथे औषध बनवत नसत. दुसऱ्याला बनवू मात्र देत नसत. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेसुद्धा भारतातल्या औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी असल्याची नोंद केली होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या रोगावर उपाय सुचवला, आणि तो १९७० च्या पेटंट कायद्यात उतरला. औषधावर, म्हणजे त्या पदार्थावर, पेटंट द्यायचंच नाही. द्यायचं ते बनवण्याच्या रीतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. आपल्या स्वयंपाकघरातलं सांगायचं तर चकलीवर कुणाचा हक्क नाही. तुम्ही जी भाजणी शोधलीत तिच्यावर आहे. दुसरीने वेगळी भाजणी करून चकली तळली तर तक्रार नाही.

या एका कलमाने रसायनशास्त्रज्ञांना काम दिलं. एड्सवरचं पहिलं औषध झिडोव्हुडिन भारतात बनवण्याची रीत हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांच्या हाताखाली तयार झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिप्लाने ते बाजारात आणलं. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती २००१ मध्ये आलेली ट्रायोम्यून ही गोळी. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन, तिन्ही एकाच गोळीत, सकाळी एक, संध्याकाळी एक. जगात इतरत्र या तीन औषधांची पेटंटं तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. त्या तिघी एका टेबलाशी बसल्याशिवाय अशी गोळी निघणं अवघड. भारतात कुणाला विचारायची गरजच नव्हती.

सिप्लाचा माल १५-सी या कलमात सरळ बसत होता, असं मात्र समजू नका. ते कलम समांतर आयातीचं. पण ३५० हा आकडा वर्तमानपत्रांत छापून आल्यावर न्यायालयातली हवा बदलली. झॅकी अख्मत यांच्या ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ या रुग्णांच्या चळवळीला न्यायाधीशांनी न्यायमित्र म्हणून बाजू मांडू दिली. म्हणजे दर कसा ठरवला, खर्च किती आला, याची उत्तरं आता शपथेवर द्यावी लागणार! कंपन्यांनी मुदत मागितली. १८ एप्रिलची तारीख पडली आणि दुसऱ्या दिवशी दावा मागे. तो हिशेब न्यायालयापुढे आलाच नाही, याची इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हळहळ वाटायला हवी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स आला. तेव्हा बायरच्या सिप्रो या औषधाचं पेटंट बाजूला ठेवू, असं अमेरिकी सरकारनेच बजावलं. महिन्याभरात दोहाच्या बैठकीत सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचे परवाने देण्याचा देशांचा हक्क १४ नोव्हेंबरला लेखी मान्य झाला. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात.

पण स्वस्त झालं म्हणजे मिळालं, असं नाही. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं. सरकारी दवाखान्यांत उपचार सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. आणि आपल्याकडे? आफ्रिकेला गोळ्या पाठवणाऱ्या भारतातही सरकारचा मोफत उपचार सुरू झाला १ एप्रिल २००४ रोजीच, सुरुवातीला आठ रुग्णालयांत. त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. सिप्लाच्या कचेरीपासून फार लांब नाही.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ जानेवारी २००५ रोजी, ट्रिप्सने दिलेली मुदत संपली. भारतात औषधाच्या पदार्थावरच वीस वर्षांचं पेटंट मिळू लागलं. ट्रायोम्यूनमधली तिन्ही औषधं जुनी, ती सुटली. पण तीच औषधं घेऊन काही वर्षांनी विषाणू दाद देईनासा झाला, की रोग्याला नवी औषधं लागतात, आणि ती आता नव्या कायद्याखाली येणार होती.