मातृभाषेतील उच्च शिक्षण : छापखान्यापासून संगणकापर्यंत

सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत. कापड गिरण्या आणि मागांच्या ओढीने आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. अक्कलकोटकडच्या अनेक गावांत कन्नड चालते. शाळेपर्यंत ही विविधता टिकून राहते. पण विज्ञानाच्या पदवीवर्गात मात्र इंग्रजी ही एकच भाषा उरते. हे अपरिहार्य होते काय? इतिहास तसे सांगत नाही.

मुंबईत १८२० च्या दशकातच अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून दिले जात होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली हटनच्या गणितग्रंथांची मराठी रूपांतरे तयार झाली. १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांनी वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग देशी भाषांतून सुरू केला. १८३२ च्या सुमारास हे दोन्ही प्रयत्न थांबले. पुढे १८४७ मध्ये शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद रंगला. जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस मातृभाषेच्या बाजूने, तर अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. पण १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, दोन्ही मुख्यतः इंग्रजीतून चालले. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीत परिभाषा घडवता येते हे तेव्हाच सिद्ध झाले होते. परीक्षा, पदवी आणि नोकरी मात्र दुसऱ्या भाषेशी जोडली गेली आणि विद्यार्थी साहजिकच तिकडे वळले.

दुसरा टप्पा आकाशातून आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शन प्रयोग झाला. विक्रम साराभाई यांची ही कल्पना. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचले. सोलापूरला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील खेड्यांना ते कन्नडमधून मिळाले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. म्हणून सीमेपलीकडे कन्नडमधून शेतीचे धडे चालू असताना अलीकडच्या कन्नड भाषकांसाठी तशी सोय नव्हती. भाषेचा प्रदेश आणि राज्याची सीमा एकच नसते, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

तिसरा टप्पा महाराष्ट्राचा स्वतःचा. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्याने स्वतः वाचून शिकावे अशी मराठी पाठ्यपुस्तके, आणि चालू महाविद्यालयांतच उघडलेली अभ्यासकेंद्रे ही त्याची रचना. नोकरी किंवा शेती सांभाळणाऱ्यांना, संसारामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा झाला. १८३२ साली जे नव्हते ते येथे होते : मराठीतून शिकून मराठीतच परीक्षा आणि मान्यताप्राप्त पदवी.

मग संगणक आला. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला आकडा मिळेपर्यंत एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांत उमटत असे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक निघाले. त्याच वर्षी आलेल्या ‘युनिकोड’मध्येही देवनागरी होती. युनिकोडचा वापर रुळल्यावर मराठी मजकूर जगात कोठेही पाठवता, शोधता आणि वाचता येऊ लागला. आज मराठी विश्वकोश महाजालावर मोफत वाचता येतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले. आयआयटींच्या एनपीटीईएल व्याख्यानांची मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषांतरेही होत आहेत.

याच जिल्ह्याने एक नमुना घालून दिला आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या घरच्या भाषेसाठी कन्नड शिकून घेतली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून त्यांना ध्वनी आणि चित्रफिती जोडल्या. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. हे काम प्राथमिक शाळेतले असले तरी पदवीच्या पातळीवर तीच पद्धत का चालू नये?

आमच्या मते आता अडचण तारेची नाही, आशयाची आहे. यंत्राने केलेले भाषांतर शब्द देते. पण ‘बल’ आणि ‘दाब’ यांतला फरक विद्यार्थ्याला खरोखर कळला की नाही हे शिक्षकच तपासू शकतो. शिवाय विणकराला धाग्याचा ताण, शेतकऱ्याला जमिनीचा वाफसा अनुभवाने ठाऊक असतो. हे शब्द आणि हे ज्ञान अभ्यासक्रमात यायचे तर ते गोळा करणारी माणसे गावातलीच हवीत. वाचकांनी आपल्या वर्गापासून आरंभ करावा. एखादा पाठ निवडून त्यातील संज्ञांना विद्यार्थ्यांच्या घरी कोणते शब्द आहेत, याची यादी चारही भाषांत मुलांकडूनच करून घ्यावी. उद्याच्या पाठ्यक्रमाला ती कच्चा माल म्हणून उपयोगी पडेल.