शिष्यवृत्त्यांची वाटचाल : हुगळीपासून कोल्हापूरपर्यंत

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कचेरीत पालकांची रीघ लागते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, आमच्या मुलाला पुढे काही स्कॉलरशिप मिळेल का?" या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. तो वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. पैसा पुष्कळदा ठेवलेला होता. ज्याच्यासाठी ठेवला त्याच्या दारापर्यंत मात्र तो सहजी पोहोचला नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बंगालमधील आहे. हुगळीचे हाजी मुहंमद मोहसीन हे मोठे धनिक गृहस्थ. अविवाहित, राहणी फकिरासारखी. सावत्र बहिणीच्या निधनानंतर तिची मालमत्ता त्यांच्याकडे आली. 1806 साली त्यांनी आपली मिळकत वक्फ केली आणि 1812 साली ते अल्लाला प्यारे झाले. पुढे मुतवल्लींचा कारभार बिघडला, सरकारने लक्ष घातले, कज्जे थेट विलायतेपर्यंत गेले. या काळात उत्पन्न साचत राहिले आणि त्या शिलकीतून 1836 साली हुगळी कॉलेज उभे राहिले. कॉलेज नामांकित झाले. पण एका मुसलमानाच्या वक्फच्या पैशावर चालणाऱ्या या कॉलेजच्या इंग्रजी वर्गांत मुसलमान विद्यार्थी मात्र बोटांवर मोजण्याइतके! दार कोणी बंद केले नव्हते. फी परवडत नव्हती, आधीचे इंग्रजी शिक्षण झालेले नव्हते, आणि हा पैसा आपल्याही मुलांच्या उपयोगी पडू शकतो हे खेड्यातल्या बापाला सांगणारे कोणी नव्हते.

सांगणारे पुढे निघाले. कलकत्त्याचे नवाब अब्दुल लतीफ यांनी 1863 साली मोहमेडन लिटररी सोसायटी स्थापन केली आणि मोहसीन फंडाचा प्रश्न वर्षानुवर्षे सरकारदरबारी लावून धरला. 1871 साली सर विल्यम हंटर यांच्या पुस्तकानेही या विसंगतीवर बोट ठेवले. अखेर 1873 साली निर्णय झाला. कॉलेजचा भार सरकारी तिजोरीवर गेला आणि मोहसीन फंडाचा पैसा मदरसे, शिष्यवृत्त्या व मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीचा दोन-तृतीयांश भाग भरण्याकडे वळला. वक्फ झाल्यापासून या दिवसापर्यंत सदुसष्ट वर्षे गेली होती. याच हुगळीत शिकलेले सय्यद अमीर अली 1869 साली सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले आणि 1890 साली कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

1882 साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षही हेच हंटर. आपल्या मुंबईहून बद्रुद्दीन तय्यबजी यांनी या आयोगापुढे साक्ष दिली. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना 1874 सालची. म्हणजे संस्था हाताशी घेऊनच ते बोलत होते. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक शाळेतून माध्यमिकपर्यंत, तिथून हायस्कूल आणि पुढे कॉलेजपर्यंत, अशा पायरीपायरीने शिष्यवृत्त्या असाव्यात आणि सरकारी पैशाच्या शाळांत काही नादारीच्या जागा त्यांच्यासाठी ठेवाव्यात, अशी शिफारस आयोगाने केली. कॉलेजची शिष्यवृत्ती एकटी देऊन भागत नाही. मूल मधल्याच पायरीवर गळते, हे त्या वेळीही ओळखले गेले होते.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी वेगळीच नड हेरली. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला फीपेक्षा खोलीभाडे आणि खाणावळ जड जाते. म्हणून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे उभी केली. 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. शिष्यवृत्तीचा हिशेब करताना आजही पालक फक्त फीचा आकडा पाहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्टही याच काळातली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले होते. त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा 25 रुपये मिळू लागले. पुढे 1913 साली बडोदे सरकारने अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर केले. अट होती परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. महाराज उदार होते, विद्यार्थी असामान्य होता, तरीही मधे एक मास्तर लागलाच!

स्वातंत्र्यानंतर वशिल्याची जागा नियमांनी घेतली. सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला आणि 2007 सालापासून केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी अकरावीपासून पीएच.डी.पर्यंत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. आधीच्या परीक्षेत 50 टक्के गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि 30 टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी, असे तिचे नियम होते. पुढच्या वर्षी नवीकरणाचा अर्ज करावा लागे, आणि तेवढ्यावरून पुष्कळ मुलांची रक्कम दुसऱ्या वर्षी थांबे. योजना कायमच्याही नसतात. 1989 साली स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन मुलींना शिष्यवृत्ती देत असे; ते बंद करण्याचा आदेश 2024 साली निघाला. म्हणून थोरल्या भावाला काय मिळाले यावर विसंबू नये. चालू वर्षी कोणती योजना सुरू आहे हे शाळेत, कॉलेजात आणि समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

राहिला कागदपत्रांचा विषय. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, गुणपत्रक, बोनाफाईड आणि विद्यार्थ्याच्या नावचे आधारशी जोडलेले बँक खाते एवढे बहुतेक ठिकाणी लागतेच. आपल्या घरांत खरी अडचण नावांची होते. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'महंमद', बँकेत नुसते 'मो.'; एकीकडे आडनाव शेख, दुसरीकडे गावाचे नाव. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि अर्ज परत येतो. ही दुरुस्ती मूल नववीत असतानाच उरकावी, कारण दहावीच्या परीक्षेच्या अर्जात लिहिलेले नावच बोर्डाच्या प्रमाणपत्रावर उतरते आणि नंतर ते बदलायचे तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे खेटे घालावे लागतात.