ठासणीच्या बंदुकांची निगा व तिचा लेखी पुरावा

शस्त्रांचा इतिहास लिहितांना लढायांचें वर्णन विपुल येतें. परंतु तेंच शस्त्र लढाईच्या दिवसापर्यंत चालतें राखण्यासाठीं जी नित्याची खटपट करावी लागे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. बखरकारांस तींत रस नव्हता, आणि आमच्यांतील पुष्कळ संग्राहकांसही अद्यापि नाहीं. वास्तविक जिची नळी आंतून गंजली, जिची दारू सर्दावली किंवा जिचा तोडा भिजला, ती बंदूक सोट्याहून अधिक उपयोगाची नव्हे. बंदुकीची निगा कशी होत असे हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाहीं. शस्त्राचा, तसाच शस्त्रविषयक ग्रंथाचा काल ठरविण्याच्या कामींही तो निर्णायक होऊं शकतो, असें आमचें म्हणणें आहे. तें तीन प्रसिद्ध ग्रंथांच्या आधारें येथें मांडितों.

या प्रश्नाचें महत्त्व कोंकणांत विशेष आहे. आम्ही राहतों तें पावस रत्नागिरीच्या दक्षिणेस समुद्राजवळ असून, तेथून जवळच मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगडाचा लहानसा किल्ला आहे. उत्तरेस रत्नदुर्ग व जयगड, दक्षिणेस विजयदुर्ग, अशी ही किल्ल्यांची ओळ १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं गेली. या किनाऱ्यावर वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने खारा वारा असतोच. देशावर जें लोखंड वर्षानुवर्षें टिकतें, त्यास येथें एका पावसाळ्यांत गंज चढतो. अशा मुलुखांत दारूगोळा व बंदुका ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या राखल्या, त्यांच्यापाशीं कांहीं निश्चित पद्धति असलीच पाहिजे.

प्रथम ठासणीच्या बंदुकीची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. नळीच्या तोंडांतून दारू घालावयाची, ती गजानें ठासावयाची, वर चिंधी व शिशाची गोळी बसवावयाची, आणि नळीच्या बुडाशीं असलेल्या कान्यापाशीं रंजक ठेवून तिला आग द्यावयाची, असा क्रम असे. तोड्याच्या बंदुकींत ही आग सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेल्या सुती दोरीची; चकमकीच्या बंदुकींत गारेच्या ठिणगीची. प्रत्येक बारानंतर नळींत काळी राख उरते. ती हवेंतील ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. कान्याचें छिद्र आगीनें हळूहळू रुंदावतें व बाराचा जोर तेथून वायां जातो. सोरा शुद्ध नसला तर त्यांतील इतर क्षार पाणी धरितात आणि दारू सर्दावते. म्हणजे राख, ओल आणि झिजलेला काना हे बंदुकीचे तीन शत्रु होत.

शब्दांचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. बंदूक हा शब्द अरबींतून आला. तेथें त्याचा मूळ अर्थ एका कठीण कवचाच्या फळाचा, पुढें गोळीचा, आणि शेवटीं ती गोळी फेंकणाऱ्या यंत्राचा झाला. तोफ तुर्की, दारू व सोरा फारशी. परंतु नळी, काना, गोळी, साचा, तोडा, ठासणें हे शब्द घरचे आहेत. काना हा तर संस्कृत कर्णाचाच वंशज. गज हा फारशी शब्द तेवढा अपवाद. यावरून, वस्तु बाहेरून आली तरी तिची हाताळणी व दुरुस्ती येथील कारागिरांच्या जिभेवर लवकरच रुळली, असें अनुमान होतें. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि १५१३ सालीं आल्बुकर्क आपल्या राजास लिहितो कीं, गोव्याचे कारागीर यूरोपांतील उत्तम बंदुकांच्या तोडीच्या बंदुका करितात. हें वरील अनुमानास पोषकच आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे व यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत. तथापि कारखान्यांत व हिशेबांत रुळलेले शब्दच चालू राहिले.

आतां ग्रंथांकडे वळूं. शुक्रनीतींत नालिक नांवाच्या अस्त्राचें वर्णन आहे. त्यांत भरण्याचा क्रम सांगतांना पहिलें काम शोधनाचें सांगितलें आहे: नळी अगोदर स्वच्छ करावी, मग अग्निचूर्ण घालून तें दंडानें मुळाशीं दृढ बसवावें, त्यावर गोळी, मग कर्णांत चूर्ण, आणि शेवटीं अग्नि. लहान नालिकाची लांबी पांच वितींची असून, नेम धरण्यासाठीं त्याच्या मूळाशीं व अग्राशीं तिळाएवढे बिंदु असतात, असेंही म्हटलें आहे. याच वर्णनावरून गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन हिंदूंस बंदूक ठाऊक होती असें प्रतिपादिलें, आणि आपल्याकडील अनेकांनीं तें आनंदानें स्वीकारलें.

परंतु त्याच स्थळीं ग्रंथकार म्हणतो कीं, यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न होतो. ज्यानें तोड्याची बंदूक हाताळली आहे, त्यास या एका विशेषणाचें मर्म तत्काळ कळेल. तोड्याच्या बंदुकींत आघातानें आग निघत नाहीं. पेटलेला तोडा रंजकेवर नुसता टेकतो. आघातानें ठिणगी पाडणारी कळ यूरोपांत सोळाव्या शतकांत प्रचारांत आली, आणि हिंदुस्थानांत ती मुख्यतः कंपन्यांच्या पलटणींबरोबर पुष्कळ नंतर पसरली. तेव्हां हें वर्णन प्राचीन असणें शक्य नाहीं. १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं इतर प्रमाणांवरून हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. देवरुखचे सुपुत्र व भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनीं आतषबाजीच्या इतिहासावर १९५३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही १४०० च्या पुढील लेखी प्रमाणांचाच मागोवा आहे. संस्कृत वाङ्मयाची थोरवी बंदुकीवर अवलंबून नाहीं. ग्रंथास नसलेलें प्राचीनत्व चिकटविल्यानें त्याचें खरें मूल्य मात्र झांकलें जातें. उत्तरकालीन म्हणून वाचिली, तर शुक्रनीति ही बंदुकीच्या वापराची उत्तम साक्ष आहे.

दुसरा ग्रंथ आईन-इ-अकबरी. अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो लिहिला. त्यांत नळी घडविण्याची सुधारलेली रीत आहे: लोखंडाचा पत्रा कडेस कड लावून न जोडतां, गुंडाळीप्रमाणें तिरपा वळवीत नेऊन त्याचे पदर एकमेकांवर बसवीत. पण आमच्या विषयास अधिक जवळची गोष्ट नळ्या साफ करण्याच्या यंत्राची आहे. पूर्वीं एका नळीस बळकट मनुष्यास बराच वेळ लोखंडी हत्यारांनीं झटावें लागे; अकबरानें असें चक्र करविलें कीं एका जनावरानें तें फिरविलें असतां सोळा नळ्या थोड्या वेळांत स्वच्छ होत. बादशहाच्या शोधांत नळी घासण्याच्या यंत्रासही स्थान मिळावें, यावरून त्या कामाची निकड समजते. शिवाय लोखंडाचें वजन, तें कोठलें, कारागिराचें नांव, करण्याचें स्थळ, तारीख व अनुक्रम हीं बंदुकीवर लिहिलीं जात. चितोडच्या वेढ्यांत १५६८ सालीं जयमलावर झाडलेल्या बंदुकीचें ‘संग्राम’ हें नांवही याच ग्रंथांत नोंदलेलें आहे.

तिसरें प्रमाण आपल्या घरचें. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं नेमके नियम आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. त्यास ओल लागूं देऊं नये. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः जाऊन दारू, बाण इत्यादि बाहेर काढवून उन्हांत सुकवावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे. चौकी सदैव असावी. पावसाळ्यांत तोफांस व दरवाज्यांस तेल-मेण लावावें, तोफेच्या कान्यांत मेण भरावें आणि वर आच्छादन घालावें, असेंही सांगितलें आहे. सोऱ्यांतील क्षार ओल धरितात हें कारण अमात्यांनीं दिलें नाहीं. पण उपाय मात्र त्या कारणास नेमका लागू पडणारा आहे. कान्यांत मेण भरण्याची आज्ञा ज्यानें लिहिली, त्यानें पावसाळ्यानंतर गंजून बसलेली तोफ पाहिली असली पाहिजे.

एक साधन मात्र या तीनही ठिकाणीं मागें पडलें आहे, तें म्हणजे गोळीचा साचा. नळ्या हातानें घडलेल्या, म्हणून दोन बंदुकींचें माप क्वचितच जुळे. प्रत्येक बंदुकीस आपला साचा लागे. नळी वारंवार घासली कीं तिचें पोट रुंदावे आणि जुन्या साच्याची गोळी सैल पडे. सबब साचा व नळी यांच्या मापांतील अंतर नेहमींपेक्षां फार आढळलें, तर ती बंदूक दीर्घकाळ वापरांत होती किंवा साचा दुसऱ्या बंदुकीचा आहे, असा तर्क करितां येतो.

नळी व गोळी यांचा हा मेळ आजच्या नेमबाजांसही सुटलेला नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ५० मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. या प्रकारांतील ५.६ मिलिमीटरचीं काडतुसें कारखान्यांतूनच येतात. पेट घेणारा मसाला त्यांच्या कडेंतच असल्यामुळें तीं घरीं पुन्हा भरण्याची चाल नाहीं. म्हणून खेळाडू निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें आपल्या नळींतून झाडून पाहतात आणि जुळेल तो घाणा निवडतात. पूर्वीं गोळी नळीस जुळवून ओतीत, आज ती निवडतात, एवढाच भेद. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरत असून, त्यांत मूळच्या जुन्या बंदुका व नव्या प्रतिकृति यांचे वर्ग निराळे मानिले जातात.

कोंकणांत तर ठासणीची बंदूक केवळ संग्रहाची वस्तु झालेली नाहीं. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें घरोघरचीं हत्यारें परवान्याखालीं आलीं; १९५९ च्या कायद्यांतही शेतीच्या रक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र निर्देश आहे. मधल्या काळांत कित्येक तोड्याच्या बंदुकांस केपाची कळ बसविण्यांत आली, फुटलेलीं तोंडें कापून नळ्या आंखूड केल्या गेल्या. असे फेरफार पाहून संग्राहक नाक मुरडतात. आमच्या मतें तो प्रत्येक फेरफार ही त्या शस्त्राच्या चरित्रांतील तारीख आहे.

येथेंच आमची विनंति आहे. शिकलगारानें वापरांतील हत्यार घासून लखलखीत करावें हें योग्यच. परंतु संग्रहांतील बंदूक तशी घासली कीं कारागिराची अक्षरें, वजनाचा आंकडा व दुरुस्तीची खूण एकदमच नाहींशी होते. साचा, गज व रंजकदाणी बंदुकीपासून वेगळीं करून विकूं नयेत. जुन्या नळींत पूर्वींची ठासणी शिल्लक असण्याचा संभव असतो व ती दारू अद्यापि पेट घेऊं शकते. म्हणून नळी तापवूं किंवा ठोकूं नये, जाणत्याकडून तपासून घ्यावी. आणि रुमाल सोडतांना बखर व सनदा ठेवून तेल, मेण, शिसें, सूत यांच्या खर्चाचे फुटकळ बंद रद्दींत टाकूं नयेत. बखर लढाईची हकीगत सांगेल. पण त्या लढाईपूर्वींच्या पावसाळ्यांत शस्त्र कोणी, किती खर्चानें राखिलें, हें त्या बंदांवांचून कळणार नाहीं. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला, मूळच्या शब्दांत फेर न करितां, प्रसिद्ध कराव्यात.