निराधारचे पैसे

‘निराधार लागली का?’ ब्रह्मपुरीकडच्या खेड्यांत हा प्रश्न नोकरी लागली का, अशा सुरात विचारला जातो. ही निराधार म्हणजे 1980 साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. अपंग माणसाच्या हाती त्याच्याच गावात सरकारी पैसा पडू लागला तो तिच्यामुळे. त्याआधी मदत हवी तर गाव सोडावं लागे.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तोवर वैनगंगेचे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते, आणि दोन्ही काठांना महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा, धसका होता. इंग्रजांच्या 1898 च्या कायद्याला भीक मागणारा महारोगी दिसे तो पकडून आश्रमात कोंडण्यापुरता. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली. सरकारने वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडपी जमीन दिली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं राहिलं, असं सांगतात. 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. 1967 मध्ये मूलजवळ सोमनाथला दुसरी वसाहत झाली. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खोदल्या, धान पिकवलं. हे काम थोरच. पण घरच्यांनी बाहेर काढलेला माणूस तिथे माणसात आला, तरी त्याचं गाव त्याला परत मिळालं नाही.

अपंग म्हणून मदत मिळवायची तर आधी कायद्याने अपंग ठरावं लागतं. 1995 च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले. बरा झालेला कुष्ठरुग्ण त्यांत होता. 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले आणि सिकलसेलचा समावेश झाला. या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या गार चिखलात दिवसभर वाकून राहिलं, की ज्याला हा आजार आहे त्याची हाडं ठणकू लागतात. गारठा आणि अतिश्रम, दोन्ही त्याला बाधतात. चार दिवसांनी तोच माणूस धडधाकट दिसतो आणि नेमका तेव्हा तपासणीला उभा राहतो. चाळीस टक्के अपंगत्व भरलं तर प्रमाणपत्र. येणारी-जाणारी वेदना टक्क्यांत कशी मोजायची, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. त्याचा भार मात्र रुग्णावर पडतो.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा, असा नियम आहे. घरपट्टी-पाणीपट्टीतून वर्षाला दोन लाख जमा होत असतील तर हा निधी भरतो दहा हजार. गावात दहा दिव्यांग असले तर प्रत्येकी हजार, तेही वर्षाचे. जंगलकाठच्या लहान पंचायतीला याहून जास्त आणायचे कुठून?

निराधारची रक्कम 2019 मध्ये सहाशेवरून हजार झाली, 2023 मध्ये दीड हजार आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार. केंद्राची अपंग पेन्शन 2009 पासून आहे. तिला ऐंशी टक्के अपंगत्व लागतं आणि तिचा केंद्राचा वाटा बरीच वर्षं तीनशेवरच आहे.

पैसे आता थेट खात्यात येतात. काढताना अंगठा लागतो. कुष्ठरोगाने ज्याची बोटं झिजली, त्याचा ठसा यंत्र घेत नाही. मग डोळ्याचं बुबुळ दाखवायचं, नाहीतर ओळख पटवणारं कोणी सोबत आणायचं. तो सोबती त्या दिवशीची मजुरी बुडवून आलेला असतो.